दसऱ्याच्या अक्षता

दसऱ्याला बाईजाने विळी, कोयता, नांगराचा फाळ मांडला आणि त्याच ओळीत मिक्सरही बसवला. राबणाऱ्या वस्तूला वर्षातून एकदा हळदकुंकू मिळालंच पाहिजे, हा तिचा कायदा. दुसऱ्या दिवशी सून शीतलने खोबरं टाकून बटन फिरवलं, तर मिक्सर नुसता गुरगुरला आणि गप्प झाला.

"जाळलास ना गो?" बाईजा कडाडली. "नऊ वर्षं चालला. तुझा हात लागला नि मेला!"

"त्यातली चार वर्षं माझाच हात लागतोय, आई. मी नाय जाळला. उघडून बघा. तोवर या घरात मी वाटण करणार नाय."

मग बाईजाने पाटा काढला. तिसऱ्या दिवशी खांदे भरून आले, पण सुनेसमोर कण्हणं तिला मरणाहून वाईट. कण्हायला ती गोठ्यात जायची.

मुलगा रविंद्र आसनगावला गोदामात कामाला. वस्तू बिघडली की मोबाइलवर नवीन मागवायची आणि जुनी माळ्यावर पुरायची, एवढीच त्याला दुरुस्ती माहीत. माळ्यावर दोन टीव्ही, एक पंखा, मेलेले मोबाइल आणि गांडुळांसारख्या गुंतलेल्या चार्जरच्या वायरी होत्या. आठव्या दिवशी तो हसतच घरात शिरला.

"मिटलं तुमचं! नवीन मिक्सर मागवला. जुना भंगारवाल्याला दिला. हा बघा, टब पण भेटला."

दोघी एकदमच उठल्या.

"माझ्यावरचा आळ पण भंगारात दिलात होय?" शीतल म्हणाली.

"नि मी खरं बोलले ते आता कशावरून ठरायचं?" बाईजा ओरडली. "तो नवीन आधी नको म्हणून कळव! चल, भंगारवाला गाठ!"

भंगारवाला किन्हवलीच्या बाजाराच्या टोकाला सापडला. टब परत घ्यायला तो तयार नव्हता.

"मिक्सरात तांबं आहे, मावशी. टबात काय आहे?"

शेवटी माळ्यावरचे दोन्ही टीव्ही त्याला द्यायचं ठरलं. रविंद्र एकेक टीव्ही डोक्यावर घेऊन भरबाजारातून आला, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला बाईजाने सांगितलं, "विकत आणताना गाडीतून आणलान. आता वाहू दे."

मिक्सर उघडून घ्यायला सासू-सून मुरबाडच्या एसटीत एकाच बाकावर बसल्या. मध्ये मिक्सर, साक्षीदारासारखा.

मुरबाडच्या दुरुस्तीच्या दुकानात पोश्या मिस्त्रीने चार स्क्रू काढले, मिक्सर वर्तमानपत्रावर उपडा केला आणि दोन टपल्या मारल्या. टपटप तांदूळ पडले. पिवळे. मागोमाग झेंडूची सुकलेली पाकळी.

"मोटार धडधाकट आहे," पोश्या म्हणाला. "पंख्यात अक्षता अडकल्या. जार काढून पूजा कोणी केली हो?"

शीतलने सासूकडे पाहिलं.

"तुझ्या दुकानात लय उकडतंय रे," बाईजा म्हणाली.

"नशीब, जुना आहे. हल्लीच्या कितीतरी वस्तू चिकटवूनच टाकतात, उघडायची सोयच नाय." पोश्याने अक्षतांची पुडी बांधली. मशीनमधून जे निघेल ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, हा त्याचा नेम. मागाहून कोणी चोर म्हणायला नको. "ही कोणाकडे देऊ?"

"नको ती," बाईजा म्हणाली. पण शीतलचा हात आधीच पुढे आला होता.

परतीच्या वाटेवर बाईजाने चार उत्तरं तयार ठेवली होती. शीतलने टोमणाच मारला नाही. चारही उत्तरं बाईजाच्या घशात अडकून राहिली.

घरी आल्यावर शीतलने हातपाय धुतले, पुडी देव्हाऱ्यात ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि खोबरं वाटायला घेतलं.

त्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. पुडी तिथेच आहे. देवापुढच्या अक्षता काढून टाकणार कोण? निदान बाईजा तरी नाही. तो तिचाच कायदा. रोज सकाळी ती देवापुढे वाकते, आणि तिचं डोकं खाली टेकलं की नेमका तेव्हाच शीतल मिक्सर सुरू करते.