रोज वाळणारं पोतं

दिवाळी सरली आणि शिवप्रसादनं सगळ्या घरासमोर जाहीर करून टाकलं, "येळवशीच्या अमावस्येपर्यंत दहा किलो उतरवतो. न्हाई उतरवलं तर शेतातल्या बुजगावण्याला माझं नाव द्या!"

बायको ज्योती भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "बुजगावणं बारीक असतंय. त्याला तुमचं नाव कसं शोभंल?"

घर हसलं. शिवप्रसाद हसला नाही, कारण या वेळी तो खरंच घाबरला होता.

बिदरजवळच्या कोळार औद्योगिक भागात अंकुशरावांचं धान्याचं गोदाम आहे, तिथला तो सुपरवायझर. वय बेचाळीस, वजन एकशे चार. दिवाळीच्या आधी थप्पीवरची पोती मोजायला म्हणून वर चढला आणि मध्येच अडकला. दोन हमालांनी वरून ओढलं, दोघांनी खालून रेटलं, तेव्हा कुठं माणूस वर पोचला! उतरल्यावर छातीत असं धडधडायला लागलं की गिरणीचा पट्टा सुटावा. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि शांतपणे सांगितलं, "साखर उंबऱ्यावर येऊन उभी आहे. आत घ्यायची का परत पाठवायची, ते तुम्ही ठरवा."

शिवप्रसादचे वडील साखरेनंच गेले होते. आधी पायाचा अंगठा गेला, मग पाऊल, मग वडील. म्हणून डॉक्टरांचं बोलणं त्याला हसण्यावारी नेता येईना.

त्यानं भात सोडला, चहातली साखर सोडली, भाकरी एकावर आणली. वजनाचा छोटा काटाही विकत आणला. इथून पंचाईत सुरू झाली. काटा घरात आला आणि शिवप्रसादचं वजन ही सगळ्या गल्लीची मालमत्ता झाली. सकाळी तो काट्यावर पाय ठेवायचा अवकाश, शेजारीपाजारी दारात हजर! "आज किती?" "कालच्याएवढंच?" "मग कशाला उपाशी मरायलाव?" आईचं तर वेगळंच. कमी भरलं की ती डोळ्यांना पदर लावायची, "रगात आटायलंय माझ्या लेकराचं!" त्यात तो काटा न्हाणीत एक आकडा सांगायचा, देवघरासमोर दुसरा. शेवटी आईनं त्याच्यावर शेंगदाणे मोजायला घेतले, तेव्हा शिवप्रसादनं हात टेकले.

पण आकडा बघितल्याशिवाय त्याला धीरच धरवत नव्हता. शंभर ग्रॅम जरी उतरले तरी दिवसभराची भूक सोसायची ताकद यायची. मग त्याला गोदामातला काटा आठवला. दिवाळीतच मालकांनी नवा काटा बसवला होता, जमिनीलगतचा, लोखंडी पत्र्याचा, लाल आकड्यांचा. शंभर ग्रॅमचाही हिशेब चुकवत नव्हता. आणि सकाळी हमाल यायच्या आधी तिथं असायचा तो फक्त रखवालदार शरणप्पा. हळ्ळीखेडचा पन्नाशीतला माणूस, बोलायला कमी. शटर उघडून तो बाहेर नळावर तोंड धुवायला जायचा, तेवढ्यात शिवप्रसाद आत शिरायचा, चपला काढायचा, खिशातल्या किल्ल्या बाजूला ठेवायचा आणि काट्यावर देवासमोर उभं राहावं तसा हात जोडून उभा राहायचा.

आणि काटा पावला! महिन्याभरात एकशे चाराचे शंभर झाले. पँट सैल झाली. शिवप्रसाद थप्पीच्या बाजूनं जाताना उगीच शीळ वाजवू लागला.

एका गोष्टीचा मात्र त्याला पत्ता नव्हता. त्या काट्यावर जे चढेल त्याचा आकडा आपोआप मालकांच्या मोबाईलवर जात होता. अंकुशरावांनी हे मुद्दामच कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर चोर सावध होतील, हा त्यांचा हिशेब. आणि हंगाम तुरीचा असल्यामुळं काट्यावर चढलेली प्रत्येक वस्तू मोबाईलवर तूर म्हणूनच उतरत होती.

महिना संपल्यावर मालकांनी शिवप्रसादला गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, दुकानात बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज खाली आणला.

"शिवप्रसाद, आपल्या गोदामात चोरी व्हायलीय."

शिवप्रसाद पुढं सरकला. "कशाची, मालक?"

"तुरीची. एक पोतं हाय. मोठं, डबल भरतीचं. कुणीतरी रोज सकाळी ते तोलतंय, आन् रोज त्यातली थोडी थोडी तूर काढायलंय. चार किलो गेली."

"तुमाला कसं कळलं?"

"मला कळतंय. कसं कळतंय ते इचारू नको. तू फकस्त पोतं हुडक."

शिवप्रसाद इमानी माणूस. गोदामातल्या दाण्यादाण्याची जबाबदारी त्याची. त्या दिवसापासून तो हातात बॅटरी घेऊन थप्प्यांमधून फिरू लागला. पोत्यांना मिठ्या मारून अंदाज घेऊ लागला. हमालांचे डबे उघडून बघू लागला, त्यामुळं हमाल चिडले. डबल भरतीचं पोतं काही सापडेना. सापडणार कसं? ते तर बॅटरी घेऊन फिरत होतं!

काळजीनं त्याची भूकच गेली. ताटातली एक भाकरीही अर्धी राहू लागली.

"निम्मी कामून टाकलाव?" ज्योतीनं विचारलं.

"गोदामात चोरी व्हायलीय. सापडली न्हाई तर माझ्यावरच येतंय."

"मग खाऊन तरी हुडका!"

पण घास उतरेना. आणि सकाळी काट्यावर बघावं तर पाऊण किलो कमी! या दुःखात तेवढाच एक दिलासा, म्हणून तो रोज न चुकता चढत राहिला. तिकडं गंजात अंकुशराव कपाळाला हात लावून बसले. त्यांचा फोन आला, "अरे, तुला हुडकायला सांगितल्यापासून चोर दुप्पट न्यायलाय! तुझा धाक हाय का न्हाई कुणाला?"

शिवप्रसादला त्या रात्री अर्धी भाकरीही गेली नाही.

असं करत येळवस आली. वेळा अमावस्येला या भागात घरात पान वाढलं जात नाही म्हटलं तरी चालेल. सगळं गाव शेतात जेवतं. शिवप्रसाद ठाणाकुशनूरला आपल्या शेतात गेला. समोर तुरीचे ओले दाणे आणि पालेभाज्या घालून शिजवलेल्या भज्जीचं पातेलं, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, मडकंभर आंबील. आई म्हणाली, "आज न्हाई म्हनलास तर लक्ष्मी रुसती." इतक्या दिवसांच्या काळजीनं पिळलेलं पोट त्या वासानं असं खुललं, की तो बसला तो बसलाच. उंडे किती झाले ते त्यालाही कळलं नाही. ज्योतीला कळलं, पण सणाच्या दिवशी ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काट्यावर चढला. दोन किलो वाढले होते! सगळं मुसळ केरात. तो खिन्न होऊन उतरला, एक चप्पल पायात घातली, दुसरी घालणार, तेवढ्यात फोन वाजला.

"शिवप्रसाद!" अंकुशरावांचा आवाज कापत होता. "चोरानं दोन किलो परत आणून टाकली! आत्ता, ह्या मिनटाला!"

शिवप्रसाद एका पायावर उभा राहिला. दोन किलो. आत्ता. त्यानं हळूच मान वळवून काट्याकडं बघितलं. काट्याच्या मागून एक काळी वायर निघून भिंतीवरच्या डब्यात गेली होती. डब्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. जवळजवळ दोन महिने तो रोज इथं उभा राहिला होता आणि खाली आकड्यांशिवाय काही बघितलंच नव्हतं.

"मालक," तो म्हणाला, "ते..."

"तू बोलू नको. मी वळखलंय. हमाल यायच्या आधी आत कोन असतंय? शरणप्पा! कुणकुण लागली म्हणून परत आणून टाकायलाय. मी निघालोय. त्याला जाऊ देऊ नको."

फोन बंद झाला. शिवप्रसादनं परत लावला. मालक उचलेनात.

अंकुशराव आले तेव्हा हमालही जमले होते. शरणप्पा नुकताच हात-तोंड धुऊन, खांद्यावर टॉवेल टाकून आत येत होता.

"पिशवी उघड!" मालक गरजले.

"कामून, मालक?"

"उघड म्हनलो की!"

शरणप्पानं पिशवीतून फडक्यात बांधलेला डबा काढला. सणाला घरी गेला होता, बायकोनं उरलेली भज्जी आणि दोन उंडे बांधून दिले होते. अंकुशरावांनी डब्यात बोट घातलं, ढवळलं, तशी अर्धी भज्जी भुईवर सांडली, आणि बोट विजयी मुद्रेनं वर केलं. बोटाला तुरीचे दाणे चिकटले होते.

"हे काय?"

"भज्जी, मालक."

"भज्जीतली तूर कुठली?"

"माझ्या बांधावरची."

"समदेच चोर आसंच म्हनतेत! पोलिसाला बोलावू का?"

शिवप्रसाद चार हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला बोलायचं होतं. एक वाक्य, फक्त एक! पण समोर सगळे हमाल उभे. आपलं वजन, आपलं पोट, चपला काढून हात जोडून उभं राहणं, सगळं उघडं पडणार. शरणप्पा खाली वाकून सांडलेली भज्जी जमिनीवरून बोटांनी गोळा करत होता. आपल्यापेक्षा वयानं मोठा माणूस मालाची नव्हे, जेवणाची चोरी केल्यासारखा बसला होता. ते बघवेना तेव्हा कुठं शिवप्रसाद बोलला.

"मालक, ते पोतं मी हाय!"

"काय?"

"वाळायलेलं पोतं. तूर न्हाई. मी!"

अंकुशरावांना काही कळेना. मग शिवप्रसादनं चपला काढल्या आणि सगळ्यांच्या देखत काट्यावर चढला. मालकांच्या खिशात टिंग झालं. त्यांनी मोबाईल काढला, आकडा बघितला, मग शिवप्रसादच्या पोटाकडं बघितलं, पुन्हा मोबाईलकडं.

"म्हंजे माझी तूर कुटंच गेली न्हाई?"

"न्हाई, मालक. येळवशीला मीच जास्त खाल्लो."

एक हमाल फिस्सकन हसला आणि मग सगळं गोदाम हसलं. थप्प्यांवरची कबुतरं उडाली. मालकही हसायला लागले, पण शरणप्पाकडं नजर गेली आणि हसू तोंडातच विरलं. "चुकलं बाबा," ते पुटपुटले.

शरणप्पानं त्यांच्याकडं न बघता डबा फडक्यात बांधला आणि शिवप्रसादसमोर येऊन उभा राहिला.

"सायेब, तुमच्या पोटापायी माझं पोट जायलतं. त्याचं काय न्हाई. चूक मालकाची. पर माझी भज्जी भुईवर सांडली तवर तुमी गप कामून बसलाव?"

शरणप्पानं शटरची किल्ली काट्यावर ठेवली आणि चालता झाला. मोबाईलवर पुन्हा टिंग वाजलं. या वेळी कुणी हसलं नाही.

तीन-चार दिवस शिवप्रसादच शटर उघडत होता. काट्याकडं त्यानं बघितलंही नाही. रविवारी ज्योती म्हणाली, "असं तोंड घेऊन घरात बसण्यापरीस जाऊन या."

तो हळ्ळीखेडला गेला. शरणप्पा दारातल्या कट्ट्यावर दोरी वळत बसला होता. त्यानं 'या' म्हटलं नाही, 'जा' म्हटलं नाही, दोरी वळत राहिला. शिवप्रसाद उन्हात उभा.

"शरणप्पाण्णा, चुकलो. त्याच येळला बोलायला पाहिजे होतो. लाज वाटली."

दोरी वळली जात राहिली. आतून त्याची बायको नागूबाई बाहेर आली. तिनं पाहुण्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि गालाला हात लावला.

"अगं बाई! सायेब, किती वाळलाव ओ तुमी! आमच्या लेकीच्या लग्नात आलताव तवा केवढे होताव! आजारी हाव का काय?"

शिवप्रसादचे डोळे एकदम भरून आले. दोन महिने भूक मारली, पण हे वाक्य त्याला काट्यावरचा आकडा न बघता अजून एकाही माणसानं म्हटलं नव्हतं. घरच्यांना रोज बघून फरक दिसत नव्हता, हमालांना हसू येत होतं, मालकांना तूर दिसत होती. त्याला त्या माउलीच्या पाया पडावंसं वाटलं. पण ती तोवर आत गेली होती आणि ताट घेऊन आली होती. ताटात दोन ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पातळ वरण आणि लोण्याचा लिंबाएवढा गोळा.

"मला डॉक्टरनं एकच..." तो म्हणाला.

शरणप्पा पहिल्यांदा बोलला. "आमच्या घरची भज्जी तुमी सांडू दिलाव. आता भाकरी तरी ठेवू नगा."

शिवप्रसाद खाली बसला. दोन्ही भाकरी संपल्या. नागूबाईनं न विचारता तिसरी टाकली. "आजारी मानसानं खाल्लं पाहिजे." तिसरी संपली. चौथी आली. शिवप्रसादच्या कपाळावर घाम आला, पण त्यानं मान वर केली नाही. चौथीचा शेवटचा तुकडा तोंडात गेला तेव्हा शरणप्पानं दोरीला गाठ मारली.

"उंद्या येतो कामाला," तो म्हणाला. "शेवटाला का हुईना, समद्यांम्होरं काट्यावर चढलाव. पर फुडच्या बारीला येळ लावू नगा."

"न्हाई लावणार."

"राग गेला म्हंजे अजून एक घ्या!" नागूबाई आतून म्हणाली, आणि पाचवी ताटात पडली.

सोमवारी सकाळी शिवप्रसाद गोदामात पोचला तेव्हा शटर उघडलेलं होतं. शरणप्पा काट्याजवळ उभा होता. काळी वायर भिंतीवरच्या डब्यातून काढून त्यानं हातात धरली होती.

"चढा सायेब. आता मालकाला कळत न्हाई."

शिवप्रसादनं काट्याकडं बघितलं. पोटावरून हात फिरवला. कालचं लोणी अजून आतच होतं.

"नको, शरणप्पाण्णा. आज उपास हाय."

"भाकरीचा?"

"न्हाई ओ. काट्याचा."