बालकक्षास हात लावू नये

शासनाने १९७९ हे साल बालकांचे म्हणून साजरे करण्याचे ठरवले, तेव्हा लाखनीच्या मधुकररावांना आपल्या घरातही दोन बालके असल्याची अधिकृत माहिती मिळाली. तोवर ती नुसतीच होती. मधुकरराव एका सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक होते. त्यांच्या टेबलावर बालवर्षाचे परिपत्रक आले, त्यांनी त्याला आवक क्रमांक दिला, आणि इतर लिपिक कधी करत नाहीत ती चूक त्यांनी केली. त्यांनी ते वाचले. 'प्रत्येक सुजाण पालकाने घरात मुलांसाठी स्वतंत्र, सुंदर व शिस्तबद्ध जागा निर्माण करावी,' असे त्यात होते.

मधुकरराव सुजाण होते. अठरा वर्षांच्या नोकरीत समोर आलेल्या माणसाला त्यांनी दोनच वाक्यं ऐकवली होती. पहिलं, "अर्ज आणला का?" आणि माणसानं तो आणलाच असेल तर दुसरं, "ठेवून जा, पाहू." एवढ्या भांडवलावर त्यांनी तालुक्यात वचक बसवला होता.

तशी मुलांना घरात जागा होती. घराच्या पुढच्या अंगाला सपरी होती, तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूला रस्ता. आढ्याला दोराचा झोका टांगलेला. भिंतीवर सात वर्षांच्या थोरल्यानं कोळशानं अकरा चाकांची एस.टी. काढली होती आणि चार वर्षांची धाकटी तिच्यात दर सकाळी नवीन प्रवासी बसवत होती. एका कोपऱ्यात आडव्या रेघा होत्या. दर तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, लाकडी नंदी घेऊन निघण्याआधी, निर्मलाबाई मुलांना भिंतीला टेकवून उभं करत आणि डोक्याशी रेघ ओढत. धाकटीच्या रेघा तीनच होत्या, पण ती येईल त्या पाहुण्याला त्या दाखवायची.

"अहो, खेळून तर राहिले लेकरं," निर्मलाबाई म्हणाल्या. "आणखी जागा कायले पाहिजे?"

"ही जागा नाही, सपरी आहे," मधुकरराव म्हणाले. "परिपत्रकात बसत नाही."

डोमा मिस्त्रीला बोलावण्यात आलं. त्यानं सपरी वर-खाली न्याहाळली, बिडी विझवली आणि आपला तांत्रिक अभिप्राय दिला. "पंधरा दिवसांचं काम हाये बाबूजी. फक्त हे पोट्टे तेवढे बाहेर ठेवा."

अशा रीतीने मुलांच्या खोलीच्या कामाचा शुभारंभ मुलांना बाहेर काढून झाला. शेजारी बायजाबाईचं मातीचं घर होतं. बायजाबाई एकटी म्हातारी, दिवसभर दारात बसून बिड्या वळायची. "राहू द्या माह्याकडं," ती म्हणाली. "मले तरी कोन हाये?" मुलं पंधरा दिवसांसाठी तिच्याकडं गेली.

झोका पहिल्याच दिवशी उतरला, कारण त्यानं आढं कमजोर होतं असं डोमाचं मत पडलं. एस.टी. प्रवाशांसकट खरवडली गेली. रेघांपाशी निर्मलाबाईंनी हात आडवा धरला.

"एवढा कोपरा ठेवा न जी. पोरगी रोज पाहते."

"खराब भिंतीवर नवीन रंग बसत नाही," मधुकरराव म्हणाले, आणि कोपरा साफ झाला.

रस्त्याकडची बाजू भिंत घालून बंद झाली, तिला दार बसलं आणि भिंतींना आकाशी ऑइलपेंट लागला. मुलांना बसल्या जागी बाहेरचं दिसावं म्हणून अडीच फुटांवर खिडकी काढली. हमरस्त्यावरच्या ट्रकांची धूळ तिच्यातून आत येऊ लागली, म्हणून ती कायमची बंद केली. फरशीला असं पॉलिश केलं की थोरला पहिल्याच दिवशी घसरून पडला. त्यावर खोलीत धावण्यास मनाई झाली, मग चालण्यासही. भंडाऱ्याहून दोन इवल्या खुर्च्या आणल्या. त्यांच्यावरचं प्लॅस्टिक काढलं तर त्या मळतील आणि न काढलं तर वर बसणारा घामेजून जाईल, असा पेच होता. मधुकररावांनी बसणं काढलं, प्लॅस्टिक ठेवलं.

रंग ओला असताना दारावर 'हात लावू नये' अशी पाटी टांगली होती. रंग वाळला. पाटी मात्र राहिली, कारण ती काढण्याचा आदेश कोणी दिला नव्हता.

राहता राहिली खेळणी. ती काचेच्या कपाटात गेली. कपाटाला कुलूप लागलं. किल्ली मधुकररावांच्या खिशात, म्हणजे दिवसभर कार्यालयात. मुलांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांनी पद्धत ठरवून दिली. खेळणं हवं असल्यास अर्ज करावा. अर्जावर तीन दिवसांत निर्णय होईल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठा लावावा.

ज्यांना लिहिता येत नाही अशी घरात एकच व्यक्ती होती.

पोळ्याच्या संध्याकाळी धाकटीला आठवलं की उद्या तान्हा पोळा, आणि नंदी काचेमागं आहे. थोरल्यानं तिला अर्ज लिहून दिला, तिनं वडिलांच्या शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागद त्यांच्यापुढं धरला.

"माहा नंदी द्या न बाबा."

मधुकररावांना क्षणभर कपाट उघडावंसं वाटलं. तेवढा बाप त्यांच्यात शिल्लक होता. पण आज एकीला तोंडी दिलं तर उद्या पद्धतीला अर्थ काय राहील, हा विचार त्यांच्यातल्या लिपिकानं वेळीच मांडला.

"ठेवून जा," ते म्हणाले. "पाहू."

दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं आपापले नंदी घेऊन घरोघर फिरली. धाकटी बायजाबाईच्या दारात बसून राहिली. शेवटी बायजाबाईनं बिड्यांचं सूप बाजूला सारलं, मातीचा गोळा घेतला आणि एक ओबडधोबड बैल करून दिला. त्याचं एक शिंग रस्त्यातच पडलं, तरी पोरगी त्याला साऱ्या गल्लीत मिरवून आली. तिसऱ्या दिवशी अर्ज मंजूर झाला. तोवर नंदीचं काही कारण उरलं नव्हतं, पण निर्णय मुदतीत दिल्याबद्दल मधुकररावांना समाधान वाटलं.

हे समाधान फार टिकलं नाही. आकाशी भिंतीवर, जिथं पूर्वी रेघा होत्या नेमक्या त्या कोपऱ्यात, जांभळ्या शाईचे तीन अंगठे उमटलेले आढळले. एकाच्या वर एक. मधुकररावांनी चौकशी बसवली. अर्जावरचा अंगठा भिंतीवरच्या अंगठ्याशी ताडून पाहिला, तो जुळला. आरोपीला म्हणणं मांडण्याची संधी देण्यात आली.

"मी किती मोठी झाली ते काढून राहिली होती," आरोपी म्हणाली.

खुलासा असमाधानकारक ठरला. 'पुढील आदेश होईपर्यंत बालकांना बालकक्षात प्रवेश बंद,' असा कागद दाराला लागला. रॉकेलचा बोळा घेऊन निर्मलाबाई भिंत पुसायला गेल्या. वरचे दोन अंगठे त्यांनी पुसले. खालचा पुसताना हात थांबला, तेव्हा त्यांनी त्याच्यापुढं खुर्ची सरकवली आणि बाहेर येऊन पदरानं डोळे टिपले.

मुलं आता जेवायला आणि निजायला तेवढी घरी येत. पुढं बायजाबाईकडंच जेवू लागली. तिच्याकडं झोका होता. भिंत पांढऱ्या मातीनं सारवलेली होती. काय हवं ते काढावं, दिवाळीला म्हातारी पुन्हा सारवायची.

नोव्हेंबरात बालदिनानिमित्त भंडाऱ्याहून 'आदर्श बालकक्ष निवड समिती'ची जीप आली. अध्यक्ष वासुदेवराव चपला काढून, धोतर सावरून आत शिरले आणि घसरता घसरता वाचले.

"वा! एक डाग नाही. लहान मुलांच्या घरात हे जमतं कसं हो?"

"शिस्त," मधुकरराव म्हणाले.

"मुलांना बोलवा की."

मुलांना बायजाबाईकडून आणण्यात आलं. दोघंही उंबऱ्याबाहेर थांबली. धाकटीनं दाराच्या कागदाकडं बोट केलं आणि विचारलं, "आत यायची परवानगी झाली का?"

समिती गहिवरली. वासुदेवरावांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बाळ, तुला कुठं खेळायला आवडतं?"

"बायजाआजीकडं."

मधुकरराव खुलासा द्यायला पुढं सरकले. वासुदेवरावांनी मात्र तपासणी-पत्रकात लिहिलं, 'मुलांमध्ये शेजारधर्म रुजलेला दिसतो,' आणि त्याचे वेगळे गुण दिले. बालकक्षाला जिल्ह्यात पहिलं पारितोषिक मिळालं. काचेच्या चौकटीतलं मानपत्र त्याच खोलीत टांगलं, आणि ते फुटू नये म्हणून खोलीला बाहेरून कुलूप लागलं.

त्या संध्याकाळी मधुकरराव खुशीत होते. पेढ्यांचा पुडा आणला होता. ताटं वाढून झाली, तेव्हा घर फार शांत आहे असं त्यांना वाटलं. मुलांना बोलवायला ते पहिल्यांदाच स्वतः बायजाबाईच्या दारी गेले. आत चूल पेटली होती, तिच्याजवळ थोरला जेवून झोपला होता. धाकटी भिंतीला पाठ लावून ताठ उभी होती आणि बायजाबाई तिच्या डोक्याशी कोळशानं रेघ ओढत होती.

"चल गं, घरी चल," मधुकरराव म्हणाले.

धाकटी जागची हलली नाही. रेघ पुरी होऊ दिली. मग तिनं बापाकडं पाहिलं.

"अर्ज आणला का?"

बायजाबाई हसली, आणि लगेच तिनं हसणं आवरलं. पुढं होऊन पोरीला उचलावं, एवढंच करायचं होतं. पण अठरा वर्षांची सवय. त्यांचा हात आपोआप खिशात गेला. कोरा कागद निघाला, पेन निघालं. उंबऱ्यावर बसून त्यांनी अर्ज लिहिला. 'विषय: मुलीने घरी येणेबाबत.' खाली सही केली आणि कागद तिच्यापुढं धरला.

धाकटीनं तो उलटा धरून बराच वेळ वाचला. मग घडी घालून एक शिंग नसलेल्या बैलाखाली ठेवला.

"ठेवून जा," ती म्हणाली. "पाहू."

मधुकरराव एकटेच घरी परतले. ताटं निवून गेली होती. निर्मलाबाईंनी त्यांतली दोन झाकून ठेवली.

पुढं तो बालकक्ष पाहायला साकोलीपासून पवनीपर्यंतची माणसं येऊ लागली. मधुकरराव कुलूप काढून दाखवत. लोक रंगाची चौकशी करत, फरशीत वाकून तोंड पाहत, खिडकीचं माप घेऊन जात. मुलं कुठं आहेत, हे एकानंही विचारलं नाही. त्या लोकांना हसू नका. ही सारी हकिगत तुम्हीही वाचली आहे. भिंतीचा रंग तुम्हाला आठवतो, खिडकी किती फुटांवर होती तेही आठवतं, मिस्त्री आणि अध्यक्ष तर नावानिशी आठवतात. आता त्या दोन लेकरांची नावं सांगा. आम्ही ती सांगितली नव्हती, आणि इतका वेळ तुम्हीही विचारली नाहीत.