अर्ध्या तिकिटाची उंची

माणसाचं वय निसर्ग ठरवतो, हा एक जुना आणि खर्चिक गैरसमज आहे. वय कंडक्टर ठरवतो, आणि कंडक्टरला ते आईबाप सांगतात. हाफ तिकीट सुरू होण्याआधी आपल्याकडचं मूल दोन-तीन वर्षं साडेचार वर्षांचंच असतं, आणि पुढं मिसरूड फुटलं तरी त्याला बारा पूर्ण होत नाहीत. (ही आकडेवारी कुणी गोळा केलेली नाही. ती चुकीची आहे असं म्हणणारा प्रवासी मात्र एसटीत अजून भेटलेला नाही.) त्यामुळे जगातलं सर्वांत लांबलचक बालपण महाराष्ट्रात आहे, आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान वाटायला हवा.

चिंतामणला हे शिक्षण रहिमतपूर ते सातारा या एसटीत वडिलांकडून मिळालं. कंडक्टरनं पोराचं वय विचारलं की वडील दंडाला हळूच चिमटा काढायचे. चिमट्याचा अर्थ एवढाच होता की खाली सरक आणि गप्प बस. एकदा चिंतामणनं चिमटा लागूनही कंडक्टरला अभिमानानं सांगून टाकलं, की मी आता सातवीत आहे. त्या दिवशी गाडीत फुल तिकीट पडलं आणि घरी गेल्यावर आणखी काय काय पडलं, ते तो अजून कुणाला सांगत नाही. पुढं तो सांगलीतल्या एका निमसरकारी कार्यालयात आस्थापना शाखेचा हेडक्लार्क झाला. वेळेवर खाली सरकणं आणि गप्प बसणं या गुणांची तिथं कदर होती.

अशा या चिंतामणनं कुटुंबाला परदेशातलं थीम पार्क दाखवायचं ठरवलं. कुटुंब लहान होतं, म्हणजे तो, बायको शरयू आणि दहा वर्षांची मुलगी अबोली. सहलीचं कारणही साधं होतं. समोरच्या फ्लॅटमधले लोक जाऊन आले होते आणि दारातून येता-जाता त्याबद्दल बोलायचे थांबत नव्हते.

युरोप पहिल्याच बैठकीत नामंजूर झाला. दुबई विचाराधीन राहिली. सिंगापूर परवडलं असतं, पण तिथं गेल्यावर जेवायचंही होतं. शेवटी व्हिएतनाम ठरलं. हल्ली सांगलीतली निम्मी माणसं व्हिएतनामला जाऊन आली आहेत आणि उरलेली निम्मी त्यांचे फोटो बघून दमली आहेत, त्यामुळे निर्णयात धोका नव्हता.

अबोलीला विचारण्यात आलं. (लोकशाही आहे.) तिनं एका उद्यानाचा व्हिडिओ पाहिला होता. त्यात लाल ड्रॅगनच्या आकाराची गाडी रुळावरून वर चढायची, उलटी व्हायची आणि माणसं ओरडायची.

"मला बाकी काही नको बाबा," ती म्हणाली. "ड्रॅगनमध्ये पहिल्या रांगेत बसायचंय."

वर्गातल्या मैत्रिणींनाही तिनं तसं सांगून ठेवलं. चिंतामणनं ही मागणी सहलीच्या उद्दिष्टांत क्रमांक एकवर नोंदवली आणि लगेच क्रमांक दोनकडे वळला. क्रमांक दोन म्हणजे काटकसर.

त्या उद्यानाच्या दरपत्रकात त्याला एक अद्भुत गोष्ट आढळली. तिथं लहान मुलांचं तिकीट वयावर नव्हतंच. ते उंचीवर होतं. प्रवेशद्वारावर एक रेष, रेषेच्या खाली डोकं असेल तर लहान, वर गेलं तर मोठं. पासपोर्टवर जन्मतारीख छापून सरकारनं बापाच्या हातातला जो अधिकार काढून घेतला होता, तो एका परक्या देशानं सन्मानानं परत दिला होता. चिंतामणचे डोळे भरून आले. दरपत्रकाचं पुढचं पान त्यानं उलटलं नाही. सवलतीचं कलम सापडल्यावर पुढचं वाचण्याची त्याच्या कार्यालयात प्रथाच नव्हती.

जानेवारीत अबोली रेषेच्या चांगली खाली होती. सहल दिवाळीच्या सुट्टीत होती. मध्ये पावसाळा आला आणि पोरगी उसासारखी वाढली. गणपतीत चिंतामणनं तिला स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभं केलं, तर ती रेषेच्या बोटभर वर गेलेली. इतर घरांत अशा वेळी पेढे वाटतात. चिंतामणनं रात्री जेवण केलं नाही.

"फरकाचे भरून टाकू की," शरयू म्हणाली. "विमानाला एवढे घातलेत, त्यात तेवढे काय जड आहेत?"

"प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे," चिंतामण म्हणाला. तत्त्व कोणतं ते त्यानं सांगितलं नाही. तत्त्वं सांगायची नसतात, पाळायची असतात.

दुसऱ्या दिवशी त्यानं हा विषय कार्यालयातल्या धनाजीपुढं ठेवला. धनाजी शाखेचा शिपाई, माणदेशातला, घरी मेंढरं. गुंतवणूक, मूळव्याध आणि लग्न जमवणं या तिन्ही विषयांत कार्यालय त्याचाच सल्ला घ्यायचं.

"त्यात काय अवघड हाय सायेब?" धनाजी म्हणाला. "आमच्याकडं म्हसवडच्या बाजारात मेंढा इकाय काढला, की उचवट्यावर हुबा करत्यात. लय दांडगा दिसतोय मग. तुमाला उलटं पायजे. पोरीला सखल जागंला हुबी करा."

"अरे, परदेशात सखल जागा कुठून आणू?"

धनाजीनं जरा विचार केला. "मग पोरगीच जरा सखल करा की."

इतका सुटसुटीत अभिप्राय त्या कार्यालयातून त्यापूर्वी कधी बाहेर पडला नव्हता. चिंतामणनं त्याच संध्याकाळपासून अंमलबजावणी सुरू केली. डोक्यावरचा उंच पोनीटेल बंद होऊन मानेजवळ दोन वेण्या आल्या. जाड तळव्याचे बूट कपाटात गेले. शाळेच्या मैदानातल्या लोखंडी दांडीला लोंबकळण्यास सक्त मनाई करण्यात आली. घोट्यापर्यंत येणारा घोळदार फ्रॉक शिवून घ्यायचं ठरलं, कारण त्याच्या आत गुडघे वाकवले तरी बाहेर कळत नाही. शरयूचा या सगळ्याला विरोध होता. फ्रॉक तिनंच शिवला. नवऱ्याच्या वेडेपणाला टाके घालायचं काम बायकोलाच करावं लागतं, आणि तिची शिलाई उत्तम होती.

रोज शाळेतून आल्यावर सराव व्हायचा. चिंतामण चौकटीजवळ तिकीट तपासनीस म्हणून उभा राहायचा. अबोली चालत यायची. दंडाला चिमटा बसला की गुडघे आत, मान ताठ, चेहऱ्यावर हसू. मान ताठ ठेवणं महत्त्वाचं, कारण मान वाकलेली दिसली की लोकांना संशय येतो. गुडघ्यांकडे कुणी बघत नाही. (कार्यालयातल्या बढत्यांचंही तसंच असतं.)

"बाबा, मी खरंच उंच झालेय?" एकदा तिनं विचारलं.

"झालीस बाळा. पण आत्ता नको."

पोरगी गुणी. तिनं मनावर घेतलं, कारण तिला ड्रॅगन गाठायचा होता आणि ड्रॅगनकडं जायची वाट बाबांच्या सांगण्यावरून जाते, असं तिला वाटत होतं. दसऱ्यापर्यंत चिमट्याचीही गरज उरली नाही. दंडाला नुसता हात लागला तरी गुडघे आपोआप वाकायला लागले.

दिवाळीत मंडळी व्हिएतनामला पोचली. उद्यानाच्या दारात लाकडाचा रंगीत जिराफ होता आणि त्याच्या मानेवर ती रेष. चिंतामणनं दंड धरून चिमटा काढला. फ्रॉकच्या आत गुडघे वाकले, अबोली गोड हसली आणि तिचं डोकं रेषेच्या खाली आलं. दारावरच्या मुलीनं तिच्या मनगटाला पिवळी पट्टी बांधली. चिंतामणनं तिथूनच धनाजीला 'कार्यवाही पूर्ण' असा निरोप धाडला. त्याला त्या क्षणी रहिमतपूरच्या एसटीतले वडील आठवले, आणि त्यांनी हे पाहायला हवं होतं असं मनापासून वाटलं.

ड्रॅगनपुढं मोठी रांग होती. अबोलीनं ती उन्हात एकदाही तक्रार न करता पार केली. नंबर आला तेव्हा पहिल्या रांगेतली जागा रिकामी होती. ती धावली. गाडीवरच्या पोरानं तिच्या मनगटाची पिवळी पट्टी पाहिली, नम्रपणे मान हलवली आणि शेजारी बोट दाखवलं. तिथंही जिराफ होता. तशीच मान, तेवढ्याच उंचीवर रेष. इथं मात्र रेषेच्या वर डोकं असलेल्यांनाच आत सोडत होते. दरपत्रकाच्या पुढच्या पानावर हे सगळं छापलेलं होतं.

"शी टॉल," चिंतामण त्या पोराला म्हणाला. "व्हेरी टॉल. मेझर, मेझर." दोन महिने पोरगी बुटकी आहे हे सिद्ध करण्यात जेवढी शक्ती गेली होती, तेवढी त्यानं या तीन वाक्यांत ओतली.

पोरगा भला होता. त्यानं अबोलीला जिराफाशी उभं केलं.

"आता ताठ उभी राहा हं बाळा," चिंतामण म्हणाला आणि धीर देण्यासाठी त्यानं तिचा दंड धरला. बोटांना तिच्या आजोबांपासूनचं वळण होतं. चिमटा निघालाच.

अबोलीचे गुडघे वाकले. इतकं निर्दोष वाकणं सरावातही कधी झालं नव्हतं.

"अगं, सरळ हो," शरयू म्हणाली. "सरळ उभी राहा."

अबोली हसू न मोडता आईच्या कानाशी कुजबुजली, "आई, बाबांनी चिमटा काढलाय ना."

चिंतामणनं हात काढला, पण तोवर मागची रांग पुढं सरकली होती. ड्रॅगन सुटला. पहिल्या रांगेतली ती जागा तशीच रिकामी वर गेली. अबोली मान वर करून बघत राहिली. त्यात विनोद नाही.

"पिवळ्या पट्टीवर ते आता पुन्हा मोजायचे नाहीत. जा, फरकाचे भरा आणि मोठं तिकीट करून आणा," शरयू म्हणाली. "अजून अख्खी दुपार आहे."

चिंतामण दहा पावलं तिकिटाच्या खिडकीकडे चालत गेला आणि थांबला. फरक भरणे म्हणजे मूळ निर्णय सदोष होता असे मान्य करणे. असं त्यानं सबंध नोकरीत कधी केलं नव्हतं. तो परत फिरला आणि ड्रॅगनच्या पाटीपुढं पोरीला उभं करून त्यानं तिचा फोटो काढला. फोटो छान आला.

"चालेल बाबा," अबोली म्हणाली. ती अजून हसतच होती. सराव झाला होता.

सांगलीत परतल्यावर तो फोटो सगळीकडे फिरला. समोरच्या फ्लॅटचं बोलणं थांबलं. जो तो एकच विचारायचा, माणशी कितीला पडलं? ड्रॅगनमध्ये बसल्यावर कसं वाटलं, असं अबोलीला तिच्या मैत्रिणींखेरीज कुणी विचारलं नाही. त्यांना तिनं सांगितलं, की ती पुढच्या वेळी बसणार आहे.

नाताळाआधी शाळेत आरोग्य तपासणी झाली. नर्सबाईंनी दंड धरून तिला पट्टीजवळ नेलं, आणि तिची उंची गेल्या वर्षीपेक्षा कमी भरली. डॉक्टरांनी पट्टी तपासली. पट्टी बरोबर होती. तो कागद चिंतामणनं जपून ठेवला आहे, पुढच्या सहलीला उपयोगी पडेल म्हणून.

हल्ली रविवारी त्याच्याकडे लोक येतात, साताऱ्याहून, कराडहून, पोराबाळांना घेऊन. धनाजी दारात उभा राहून एकेकाला आत सोडतो. "पोरगं लय वाढलंय तुमचं," तो हळहळून म्हणतो. "जरा लवकर आणाय पायजे हुतं." आत चिंतामण समोर आलेल्या मुलाचा दंड धरतो आणि शिकवायला सुरुवात करतो. अबोलीला प्रात्यक्षिकासाठी बोलावण्यात येतं.

ती रेष जमिनीपासून नेमकी किती उंचीवर आहे, हे या हकिगतीत कुठंही दिलेलं नाही. तो आकडा राहून तर गेला नाही ना, म्हणून ज्यांनी आत्ता मजकूर पुन्हा वरपर्यंत चाळला, त्यांनी आधी शेजारी बसलेल्या पोराचा दंड सोडावा.