अण्णांच्या शटरची मोटार

घरात कुठलंही नवं यंत्र आलं की अण्णा त्याची पहिली परीक्षा स्वतःच्या अंगावर घेतात. गीझर बसवला तेव्हा पहिली बादली त्यांनी स्वतःवर ओतून घेतली आणि पुढं बरेच दिवस पाठीला खोबरेल लावून हिंडले. झोपाळ्याला नव्या कड्या लावल्या, तर मांडीवर सिमेंटची गोणी घेऊन झोके घेत बसले. कारण विचारलं की एकच उत्तर, "खात्री दुकानात मिळत न्हाई."

अण्णा म्हणजे राहात्यातले माझे शेजारी. दुधाच्या टँकरवर ड्रायव्हरकी करून निवृत्त झालेले. घरात ते आणि काकू, मागे पेरूची थोडी बाग, आणि घराला लागून जुनी व्हॅन ठेवायचं गॅरेज. या गॅरेजच्या शटरला त्यांनी गेल्या हिवाळ्यात मोटार बसवायचं काढलं. शटर हातानं सहज वर जात होतं. गल्लीतल्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला हौस आली.

दुकानं पालथी घालायला सोबत मी. नगरच्या दुकानदारानं बटण दाबून शटर खाली आणून दाखवलं. अण्णांनी विचारलं, "खाली मानूस असला तर?"

"बाजूला होईल की."

"आन् न्हाई झाला तर?"

दुकानदार माझ्याकडं बघेपर्यंत अण्णांनी चपला घातल्या होत्या.

श्रीरामपूरच्या दुकानात त्यांना हवं ते सापडलं. शटरच्या दोन्ही बाजूंना एकेक सेन्सर. मध्ये काही आलं की शटर थांबतं आणि परत वर जातं. अण्णा त्याला 'डोळा' म्हणू लागले. वीज गेल्यावर ओढायची साखळीही त्यांनी घाम फुटेपर्यंत ओढून पाहिली.

बसवायच्या दिवशी काकूंना त्यांनी सकाळीच पुणतांब्याला बहिणीकडं धाडलं. जावेद मिस्त्री आला. मोटार चढली, वायरी ओढल्या, डोळे गुडघ्याच्या उंचीवर बसले. जावेद खाली येणाऱ्या शटरखालून चालत गेला, शटर थांबलं. खुर्ची ठेवली, थांबलं.

"झालं अण्णा," तो हत्यारं गोळा करत म्हणाला.

अण्णांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि ते शटरच्या बरोबर खाली, उंबऱ्यावर आडवे झाले. रिमोट त्यांच्याच हातात होता.

"अण्णा, उठा," मी म्हणालो. त्यांनी बटण दाबलं.

शटर खडखडत निघालं. कमरेपर्यंत आलं. गुडघ्यापर्यंत आलं. आता थांबेल, असं मला वाटलं. ते थांबलं नाही. अण्णा हलले नाहीत, नुसते वर बघत राहिले. मी त्यांचे पाय धरून ओढू लागलो, तर त्यांनी बाजूची पट्टी घट्ट धरलेली. जावेदनं भिंतीकडं झेप घेऊन मेन स्विच पाडला.

शटर त्यांच्या छातीच्या वीतभर वर अडकलं होतं.

साखळी ओढून आम्ही त्यांना मोकळं केलं. जावेदनं त्यांच्या हातातला रिमोट काढून घेतला. "तुमाला काय झालं असतं तर मी कुनाला तोंड दाखवायचं?"

"माझं ऱ्हाऊ दे. डोळा खाली घे. जमिनीलगत."

"मग मांजर आडवं गेलं तरी थांबंल."

"थांबू दे."

आता मलाही राग आला. "अण्णा, एवढंच बघायचं होतं तर उशी ठेवायची."

त्यांनी उंबऱ्यावर बसून माझ्याकडून चष्मा परत घेतला. मग म्हणाले, "हिला फिट येती. कुनाला सांगितलं न्हाई, तिला आवडत न्हाई. उन्हाळ्यात मी बाजारातनं आलो, तर घरादाराला आतनं कड्या, आन् ही शटरला लागून पडलेली. पत्र्यावर बांगड्या वाजत हुत्या. मी भायेरनं नुसतं ऐकत हुतो. ती उठून कडी काढस्तवर."

जावेदनं गोळा केलेली हत्यारं परत खाली ठेवली.

"आता भायेरनं उघडंल. पन बंद करताना ती हितंच पडली तर? पडलेलं मानूस उभं नसतं रे. आन् उशीला काय कळनार? मला बघायचं हुतं, हितनं वर बघताना कसं वाटतं."

जावेदनं डोळे काढले आणि खाली बसवले. या वेळी शटरखाली गोधडीची घडी ठेवली. शटर आलं, थांबलं, वर गेलं.

संध्याकाळी काकू परतल्या. अण्णांनी रिमोट त्यांच्या हातात ठेवला. "दाब."

शटर वर गेलेलं त्यांनी मान मागं टाकून पाहिलं. "हातानं उचलत हुते की मी. आन् आतली कडी कुटं गेली?"

"काढून टाकली."

कडीच्या जागी स्क्रूची रिकामी भोकं होती. काकू तिकडं बघत राहिल्या. मग अण्णांकडं वळल्या.

"तुमच्या पाठीला माती कसली?"

"जरा आडवा झाल्तो."

काकूंनी रिमोट कमरेला खोचला आणि त्या अण्णांची पाठ झटकायला लागल्या. माती केव्हाच गेली होती. त्यांचा हात थांबला नाही, आणि अण्णाही तसेच पाठ करून उभे राहिले.