हटवार साहेबांची ग्रेडेशन लिस्ट

हटवार साहेबांच्या गेटपाशी सकाळी दोन कुत्रे पोळीसाठी येऊन बसतात. एक काळू, म्हातारा, कानानं बहिरा, दिवसभर झोपलेला. दुसरा लाल्या, तरणाबांड, अनोळखी माणसाला गल्लीत पाय ठेवू देत नाही. साहेब काळूला दोन पोळ्या घालतात, तूप लावून. लाल्याला अर्धी, कोरडी.

मी एकदा विचारलं, "साहेब, राखण तर लाल्या करून राहिला. मग त्याले अर्धीच कावून?"

"काळूची जॉइनिंग चार वर्षं आधीची आहे, शेंडे. तो लिस्टमध्ये वर आहे."

पुढे लाल्या समोरच्या घरी गेला, कारण तिथे त्याला बिस्किटं मिळू लागली. महिनाभरानं परत आला तेव्हा साहेबांनी त्याला पाव पोळी घातली. "याची सर्व्हिस ब्रेक झाली," म्हणाले. "आता पहिल्यापासून मोजा लागन."

साहेब सरकारी वकील. नेहरू नगरात माझ्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. आम्ही दोघंही भंडाऱ्याकडचे, नोकरीपायी या हिंदी मुलखात आलेले. मी पोलादाच्या प्लांटमध्ये रोलिंग मिलला, ते कोर्टात. माणूस सज्जन, पण ज्येष्ठतेचं खूळ असं की कुणी नवीन भेटला की नाव विचारायच्या आधी विचारणार, "जॉइनिंग कधीची?" आमच्या दूधवाल्यानं कंटाळून एक तारीख पाठ करून ठेवली आहे.

घरात भाजीसुद्धा याच नियमानं शिजते. सोमवारची वांगी असताना मंगळवारच्या भेंडीला हात लावायचा नाही. भेंडीचा नंबर लागेपर्यंत ती जून होते, आणि तोवर बुधवारचा पालक सुकून कागद झालेला असतो. वहिनी म्हणतात, "आमच्या घरी ताजी भाजी येते जी, पण शिजते ती रिटायर व्हायच्या टायमाले." बोरसीला पुतण्याच्या लग्नात साहेबांनी मंगलाष्टकं चालू असताना भटजींना थांबवलं होतं. नवरदेवाचा मोठा चुलतभाऊ अजून बिनलग्नाचा होता. "याच्या वरचा पेंडिंग असताना याचं कसं करून राहिले तुम्ही?" असं त्यांनी भर मांडवात विचारलं. पेंडिंग मुलगा आइस्क्रीमच्या टेबलामागे जाऊन लपला.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या बैठकीत भिंतीवर आहे. तिथे लोक देवाचं कॅलेंडर लावतात. साहेबांनी खात्याची ग्रेडेशन लिस्ट लॅमिनेट करून लावली आहे. चौदा सरकारी वकिलांची नावं, नोकरीला लागल्याच्या क्रमानं. पगार त्याच क्रमानं, बढतीही त्याच क्रमानं. साहेब गेल्या वर्षी या लिस्टीत पहिले झाले तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. आता वरच्या अधिकाऱ्याची खुर्ची रिकामी व्हायला सहाच महिने उरले होते, आणि ती खुर्ची त्यांचीच होती. बावीस वर्षं त्यांनी तिची वाट पाहिली होती.

"काम कोणी किती केलं ते कोण पाहते?" मी एकदा छेडलं.

"पाहा लागत नाही, हेच तर चांगलं आहे. आता जज लोकांचंच घ्या. एक साहेब दिवसाला दहा निकाल देतात, दुसरे दहा तारखा देतात. जुलै लागला की इन्क्रिमेंट दोघांचं सारखंच. भांडण नाही, तंटा नाही."

हे त्यांनी इतक्या समाधानानं सांगितलं की मला त्या दहा निकाल देणाऱ्या जजसाहेबांची दया आली.

माझा कोर्टाशी संबंध आला तो माझ्या मोपेडमुळे. सुपेल्याच्या बाजारातून ती चोरीला गेली होती. पोलिसांना सापडली तेव्हा रंग बदललेला, नंबर बदललेला, चेसिसचा आकडा घासून काढलेला. केस उभी राहिली, आणि ती चालवत होती रोशनी ठवकर, लिस्टीतली चौदावी. दुर्गच्या रेल्वेवाल्या मराठी घरातली पोरगी. माझीच काय, निम्म्या कोर्टाच्या फाइली तिच्याकडे होत्या. वरचे तेरा जण आपापलं जड काम खाली सरकवत, आणि रोशनीच्या खाली सरकवायला कोणी नव्हतं. हटवार साहेबांच्याही फाइली तिच्याकडेच होत्या. पगार मात्र सगळ्यात कमी तिचा.

"काका, टेन्शन नका घेऊ," ती मला म्हणायची. "तुमची फाइल मी पूरी पढ़ी है।" आणि खरंच वाचलेली असायची. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा.

एके दिवशी संध्याकाळी साहेब माझ्याकडे आले. चहा पुढे ठेवला तरी घेईनात.

"पोरगी चालली शेंडे. रायपूरच्या कंपनीत. तिथं कामाच्या हिशोबानं पगार देतात म्हणे."

"थांबवा मग तिले."

"कशी थांबवू? बढती द्यावी तर तिच्यावर तेरा जणं आहेत."

दुसऱ्या कुणी अर्ज केला असता, मंत्र्याला भेटला असता. साहेबांनी काय ठरवलं असेल? तेरा जणांना लवकर रिटायर करायचं. म्हणजे रोशनी आपोआप पहिली. यात त्यांना काहीच चमत्कारिक वाटलं नाही. रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून, हातात पेढ्यांचा डबा देऊन ते निघाले.

लिस्टीतले चार नंबर सुपेल्यात राहतात. त्यांना साहेबांनी तीर्थयात्रेचं महत्त्व सांगितलं. "गुडघे आहेत तोवर फिरून घ्या." चार नंबर पेढा खात म्हणाले, गुडघे उत्तम आहेत. बोरसीच्या सात नंबरांना बागकामाचं सुचवलं. सात नंबर म्हणाले, बाग आहेच, ती ऑफिसच्या वेळात करतो. मग आम्ही दोन नंबरांकडे गेलो. ते मोठे धूर्त. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पाणी मागवलं, आणि म्हणाले, "हटवार साहब, जाना है तो सीनियॉरिटी से जाएँगे। पहिला नंबर तुमचा."

साहेब उठले. आयुष्यभर जो नियम दुसऱ्यांना सांगितला तोच समोरून आला होता.

परत येताना चौकातल्या टपरीवर आम्ही थांबलो. साहेबांनी दोन चहा सांगितले.

"मीही चौदावा होतो शेंडे. सगळ्यांच्या फाइली मी वाचत होतो. मले वाटे, कोणीतरी म्हणन, हा पोरगा कोर्टात चांगला उभा राहते. एका मोठ्या केसमध्ये मी रात्रंदिवस काम केलं. ती जिंकल्यावर बढती वरच्याची झाली, कारण त्याची वेळ आली होती. त्या दिवशी घरी येऊन मी ठरवलं, लिस्ट बरोबर आहे. लिस्ट चुकीची म्हटली असती तर सगळ्या नोकरीत मले फसवलं, असं म्हणा लागलं असतं. तेवढी हिम्मत नाही झाली." ग्लास खाली ठेवून म्हणाले, "मग काम करणंच सोडलं. कोणाच्या ध्यानातबी नाही आलं."

मला त्यांच्यावर हसायची फार सवय होती. त्या दिवशी हसू आलं नाही, उलट स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकला. खुर्ची सहा महिन्यांवर असताना. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. साहेब नवीन लिस्ट टाइप करून रोशनीला दाखवायला गेले, कारण आता ती चौदावी नव्हती, तेरावी होती. पोरीनं ती लिस्ट वाचली, साहेबांच्या पाया पडली, आणि सांगितलं की तिचा राजीनामा शुक्रवारीच मंजूर झाला आहे.

साहेबांचा अर्ज मंजूर व्हायला तीन महिने लागणार होते. तोवर रोशनीच्या फाइली कुणीतरी घ्यायला हव्या होत्या. बारा जणांच्या तब्येती एकदम बिघडल्या. फाइली साहेबांनी घेतल्या. माझ्या मोपेडची त्यातच होती.

तारखेला मी कोर्टात गेलो. खरं सांगायचं तर मोपेडची आशा मी सोडली होती. आरोपीचा मेहुणा साक्षीला उभा होता. गाडी पाच वर्षं आमचीच आहे, मी स्वतः चालवतो, असं तो छातीठोकपणे सांगत होता. साहेब उठले. कोट जरा आखूड झाला होता.

"पाच वर्षं चालवून राहिले?" त्यांनी मेहुण्याला हिंदीत विचारलं, अगदी गोडीत. "पेट्रोल भरायला सीट उघडावी लागते ना? कशी उघडता?"

"चाबी से।"

"रोज?"

"रोज।"

साहेबांनी पंचनामा वर केला. सीटचं कुलूप मोडलेलं आहे आणि चावीचं भोक एम-सीलनं बुजवलेलं आहे, अशी एक ओळ त्यात होती. एम-सील मीच लावलं होतं. ती सीट फक्त मागून बुक्की मारली की उघडायची. मेहुणा आपल्या वकिलाकडे पाहू लागला. वकील छताकडे पाहू लागला. मॅजिस्ट्रेट साहेबांनी लिहिता लिहिता मान वर करून हटवार साहेबांकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

बाहेर व्हरांड्यात येताच साहेबांनी माझी बाही धरली.

"शेंडे, बरं झालं का जी?"

"एक नंबर झालं."

"नाही, खरं सांगा."

खरंच सांगितलं, म्हणालो. त्यांनी फाइल उघडून मला ते पान दाखवलं. त्या ओळीखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती.

"तिनं काढली आहे. रोशनीले फोन लावा. मी लावला तर तिले वाटन, म्हातारा काही काम सांगून राहिला."

मी फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. ती हसली. "काका, सरांना द्या ना."

मी फोन त्यांच्या कानाशी धरला. ती तिकडून "सर, सर" करत होती, ते मलाही ऐकू येत होतं. साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"बेटा," ते म्हणाले, "तू उभी असती तर याहून बरं झालं असतं."