वाटूरचा प्रोफेशनल

सम्यक कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेला, की उंबऱ्याच्या आत पाऊल टाकल्याबरोबर खाली वाकतो. घरातल्या म्हाताऱ्या बायका गहिवरतात. आजकालची पोरं कुठे वाकतात, असं म्हणत त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. तो पाया पडत नाहीये, फरशीवरून तळहात फिरवतोय, हे त्यांच्या लक्षात येत नाही. "कोटा हाय. पण पॉलिश गेलं," असं पुटपुटत तो उठतो, आणि म्हातारी त्याला सुखी राह्य म्हणते.

एकदा आम्ही सगळे गल्लीतल्या एका मयताच्या घरी बसायला गेलो होतो. सगळ्यांच्या माना खाली होत्या. सम्यकची सर्वांत खाली. निघताना त्याने मला गाठलं आणि म्हणाला, "ताई, काय हॉल हाय! कुठंच सांधा न्हाई."

सम्यक विशीतला आहे आणि प्रोफेशनल स्केटबोर्डर आहे. म्हणजे चार चाकं लावलेल्या फळीवर उभा राहून तो आमच्या वाटूरमध्ये घसरतो, उड्या मारतो आणि मुख्यतः पडतो. आमच्या आणि त्याच्या घराची भिंत एकच. मी व्हॅनने जालन्याला जाऊन इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे गल्लीतले लोक माझ्याशी जपून बोलतात आणि मलाही ते बरं पडतं. सम्यक जपून बोलत नाही. त्याला इन्स्टाग्रामवर टाकायला इंग्रजी ओळी लागतात.

"लिही ताई, वाटूर टू वर्ल्ड."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय ते लोकं बघून घेतेत. तू स्पेलिंग बघ."

प्रोफेशनल म्हणजे ज्याला त्या कामाचे पैसे मिळतात, असं मी त्याला एकदा समजावून सांगितलं. तो दया आल्यासारखा हसला. "ते नंतरचं, ताई. आधी प्रोफेशनल व्हावं लागतं." त्याच्या मते तो बोर्ड घरी आला त्याच दिवशी प्रोफेशनल झाला. तेव्हापासून तो लग्नात पंगतीला बसत नाही, कारण प्रोफेशनल माणसाला डाएट असतं. मागच्या दाराने जाऊन जिलेबी मात्र खातो. दळण आणायला सांगितलं तर म्हणतो, खांद्यावर लोड नको. पडून आला की लंगडत नाही, सावकाश चालतो आणि कोणी विचारलं तर "रिकव्हरीत हाय" म्हणतो.

या करिअरला वाटूरमध्ये एकच जागा आहे. फाट्यापासून शाळेपर्यंत उतरत येणारा सिमेंटचा रस्ता. दिवाळीच्या आसपास हाच रस्ता सोयाबीन वाळवायला लागतो. लोक ताडपत्रीसुद्धा न टाकता ढीग पसरतात, आणि सोयाबीनचा एक दाणा चाकाखाली आला तरी बोर्ड जागच्या जागी थांबतो. पहिल्या वर्षी सम्यकने हुज्जत घालून पाहिली.

"मामा, माझ्या करिअरचा प्रश्न हाय."

"मंग माझ्या सोयाबीनचं काय लग्न हाय का?" मामा म्हणाले. "व्हय तिकडं, दाणे उडवून राह्यला."

तेव्हापासून सोयाबीन आलं की सम्यक ऑफ सीझन जाहीर करतो. परदेशातले खेळाडू बर्फ पडल्यावर करतात तसा, असं तो म्हणतो.

त्याने जालन्याहून लोखंडी पाइप आणून वेल्डिंगवाल्याकडून गुडघाभर उंचीचा एक रेल करून घेतला होता. बोर्ड घेऊन त्यावर उडी मारायची आणि घसरत दुसऱ्या टोकाला उतरायचं, अशी कल्पना. रेल दारासमोर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने त्यावर गोधड्या वाळत घातल्या. आठवड्याभरात गल्लीने तो वाटून घेतला. एका टोकाला शेळी, मधे गोधड्या, दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी सदरा. सम्यक एवढंच म्हणाला, "शेळी तेवढी बाजूला बांधा, काकू. तिकडून मी लँड करतो."

मग तो पुण्याला एका स्पर्धेला जाऊन आला. शेवटून दुसरा आला. शेवटचा जो होता, तो आजारी पडल्यामुळे खेळला नव्हता. तरी फाट्यावर बॅनर लागलं. त्यावर हार्दिक अभिनंदन, जागतिक कीर्तीचे खेळाडू, आणि काळे चष्मे घातलेले शुभेच्छुक इतके, की खेळाडूला कोपऱ्यात जागा मिळाली होती. सम्यकने बॅनरखाली उभं राहून फोटो काढला आणि मला म्हणाला, "इंग्लिशमध्ये असं लिही, की जनतेनं मनावर घेतलं."

जनतेने घेतलं असेल. त्याच्या वडिलांनी घेतलं नव्हतं.

वडील म्हणजे आमचे सर. गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, गेल्या वर्षी निवृत्त झाले. घरातले शिकलेले पहिलेच, त्यामुळे शिक्षणाच्या बाबतीत ते थट्टा खपवून घेत नाहीत. मी समोर दिसले की ते गल्लीच्या मधोमध थांबतात आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून विचारतात, "हाऊ इज युवर प्रिपरेशन?" मी दचकून "फाइन सर" म्हणते आणि घरात पळते. मुलाविषयी कोणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "तयारी करून राह्यलाय." कशाची, ते सांगायचे नाहीत. रस्त्यात सम्यक फळीवरून समोरून आला, तर ते पानाच्या टपरीकडे वळायचे. सर पान खात नाहीत.

अशात बंगळूरच्या एका कंपनीचा निरोप आला. ही कंपनी स्केटबोर्डची चाकं बनवते. त्यांना खेड्यातला खेळाडू हवा होता. ते वाटूरला येऊन व्हिडिओ काढणार, आवडला तर सम्यकला आपल्या संघात घेणार. उत्तर मीच लिहिलं. सम्यकने कंपनीचा निरोप वडिलांना दाखवला, आणि सरांनी त्या दिवशी पहिल्यांदा या विषयावर तोंड उघडलं. "कंपनीनं घेतलं तर तुझा रस्ता मोकळा. न्हाई घेतलं, तर दुसऱ्या दिवशी बॅग भरायची आन संभाजीनगरला परीक्षेच्या क्लासला जायचं. मंजूर?"

"मंजूर, पप्पा."

त्यानंतर सम्यक रोज पहाटे रस्ता झाडायचा. घरात कधी केरसुणीला हात न लावलेला मुलगा फाट्यापासून शाळेपर्यंत खडा न् खडा वेचायचा. त्याची आई आमच्या दारात येऊन म्हणाली, "बाई, याला नवरीसारखं झाडलोट करताना बघून मलाच लाज वाटून राह्यली."

व्हिडिओच्या दिवशी सकाळी मी गच्चीवरून पाहिलं आणि मला हसावं की ओरडावं कळेना. पाहुणे येणार म्हणजे सत्कार आलाच, आणि तो सरांनी स्वतः अंगावर घेतला होता. उताराच्या शेवटी, शाळेच्या ओट्याच्या अलीकडे, सम्यक जिथून उडी घेणार बरोबर तिथे, मंडपवाल्याकडचं लाल कार्पेट अंथरलं होतं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले सर गुडघे टेकून त्याचा एकेक कोपरा सरळ करत होते. कार्पेटवर झेंडूच्या पाकळ्या. पलीकडे टेबल, टेबलावर शाल आणि नारळ. माइकवर गावातला एक उत्साही माणूस.

कॅमेरावाला कार्पेटकडे हात करून सम्यकला काहीतरी म्हणाला. सम्यकने मान हलवली आणि उतरत सरांपाशी गेला. आता ते गुंडाळणार, असं मला वाटलं. दोघं थोडा वेळ बोलले. सरांनी हाताने कार्पेट दाखवलं, सम्यकने वाकून त्यावरून तळहात फिरवला. मग तो परत वर चढून गेला. कार्पेट जागेवरच राहिलं. मी मनात म्हटलं, झालं. अंगात आलंय प्रोफेशनलच्या.

तो सुसाट आला. खरंच छान आला, हे मला मान्य करायला हवं. पुढची चाकं कार्पेटच्या कडेला थांबली. सम्यक थांबला नाही. तो हवेतून गेला, हातावर पडला, पाकळ्यांवरून पोटावर घसरत टेबलापर्यंत पोचला. माइकवाला ओरडला, "जोरदार टाळ्या!" वाटूरला वाटलं हेच करायचं होतं. टाळ्या वाजल्या. सरांनी पुढे होऊन, तो अजून खाली बसलेला असतानाच, त्याच्या खांद्यावर शाल घातली. शालीखाली त्याचं मनगट सुजत होतं. मी गच्चीवर तोंड दाबून हसले. हाड मोडलं असेल असं वाटलं नव्हतं. मोडलं होतं, त्यामुळे दुसऱ्यांदा व्हिडिओ झाला नाही. कंपनीचे लोक चहा पिऊन गेले.

दोन-चार दिवसांनी कंपनीतल्या बाईंचा फोन येणार होता. इंग्रजीत बोलायचं म्हणून मला बोलावलं. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं तर मला घाम फुटतो. सम्यक प्लास्टर मांडीवर ठेवून बसला होता. सर दिवाणावर पेपर वाचत होते. फोन वाजला तसे म्हणाले, "स्पीकरवर टाक."

बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, व्हिडिओ आम्ही पुन्हा पाहिला. वरून येतानाचा त्याचा वेग सगळ्यांना आवडला. आम्हाला एकच जाणून घ्यायचंय. तो कार्पेटमुळे पडला का? कोणी त्याला न विचारता ते टाकलं असेल तर हात बरा झाल्यावर आम्ही परत येऊ, मोकळ्या रस्त्यावर पुन्हा घेऊ.

पेपर खाली आला. सरांना ते सगळं समजलं होतं. मी मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण "कार्पेट" हा शब्द सम्यकलाही समजला होता.

"सांग त्यांला," तो म्हणाला, "कार्पेटचा काही संबंध न्हाई. मलाच पाहिजे होतं ते. माझं टायमिंग चुकलं."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो प्लास्टरवरचा धागा ओढत होता.

"सांग न, ताई."

मी सांगितलं, जसंच्या तसं. बाई म्हणाल्या, कळवल्याबद्दल धन्यवाद, त्याला आमच्या शुभेच्छा द्या. फोन बंद झाला.

सरांनी पेपराची नीट घडी घातली. "टायमिंगला सराव लागतो," ते म्हणाले.

"हो, पप्पा."

"कार्पेट तर बराबर होतं ना? मला एक कोपरा वर आल्यासारखा वाटला."

"बिलकुल बराबर होतं."

सरांचा चेहरा मोकळा झाला. चपला घालून ते बाहेर गेले. गल्लीत कोणीतरी त्यांना विचारलं असावं, कारण खिडकीतून त्यांचा आवाज आला, शाळेत धडा समजावून सांगावा तसा. उतारावरून येताना वेग कसा वाढतो, उडी कधी घ्यावी लागते, अंगाचा भार कोणत्या पायावर ठेवायचा. "आमच्या सम्यकचं एवढ्यासाठी हुकलं," ते सांगत होते. "वेग मात्र त्या बंगळूरवाल्यांनी बी मानला."

हे सगळं त्यांनी कधी पाहून ठेवलं होतं, कोणाला माहीत.

"सम्यक, अरे उद्या तुला बॅग..." मी सुरुवात केली.

त्याने प्लास्टरचा हात वर केला. त्याची मान खिडकीकडे वळलेली होती.

"थांब न, ताई," तो हळू म्हणाला. "ऐकू दे."