बर्फात गोठविलेले कार्ड व ओस्टबी दांपत्याची कर्जमुक्ती

ज्या गृहस्थास आपले देणे नेमके किती आहे हे ठाऊक नसते, तो रात्री स्वस्थ झोपतो. ज्यास ते ठाऊक असते, तो नियोजन करतो. सुधारलेल्या जगाची सर्व प्रगती या दुसऱ्या प्रकारच्या गृहस्थांच्या हातून झालेली आहे. पहिल्या प्रकारच्यांची केवळ प्रकृती चांगली राहिली. मिनेसोटा राज्यातील लिटल पाईक या गावचा रहिवासी व्हर्लिन ओस्टबी हा वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत पहिल्या प्रकारात मोडत होता. त्याचे दुसऱ्या प्रकारात स्थलांतर कसे घडून आले, त्याचा हा वृत्तान्त होय.

व्हर्लिन हा जिल्ह्याच्या रस्त्यांवरील बर्फ बाजूस सारण्याची गाडी चालवीत असे. त्याची पत्नी मार्नी दंतवैद्याच्या दवाखान्यात रुग्णांना वेळा नेमून देई. उभयतांच्या नावे घराचा हप्ता, ट्रकचा हप्ता व तीन क्रेडिट कार्डे होती. शिवाय एक बोट होती. सदर बोट सपाट तळाची, छताची व गुबगुबीत बैठकींची असून वर्षातील सात महिने ती अंगणात ताडपत्रीखाली विश्रांती घेई. उरलेल्या पाच महिन्यांत पावसाचे, वाऱ्याचे व सासुरवाडीचे दिवस वजा जाता जो काळ उरे, त्यास व्हर्लिन ‘माझे आयुष्य’ असे म्हणत असे.

कार्डांची बिले येत, त्यांसाठी स्वयंपाकघरात एक खण नेमून दिलेला होता. त्यातच बॅटरीचे जुने सेल, रबरबँड व कशाच्या आहेत हे कोणास ठाऊक नाही अशा किल्ल्या असत. बिल न उघडता खणात ठेवणे ही त्या घरी देणे चुकते करण्याची पहिली पायरी समजली जाई. (दुसरी पायरी आजवर कोणी पाहिली नव्हती.) नाताळानंतर मात्र तो खण बंद होईना. व्हर्लिनने गुडघा लावून पाहिला. मार्नीने त्याच्या गुडघ्याकडे पाहिले आणि सगळी पाकिटे टेबलावर ओतली.

निकाल तिने तेथेच दिला. मे महिन्यात ज्या शनिवारी बंदी उठून मासेमारी पुन्हा खुली होते, त्या शनिवारपर्यंत तिन्ही कार्डे शून्यावर आली पाहिजेत. न आल्यास बोट रस्त्याच्या कडेस उभी करून तिला ‘विकणे आहे’ अशी पाटी लावायची.

लिटल पाईकमध्ये या शिक्षेचा अर्थ लहान मुलासही समजतो. एखाद्याची बोट रस्त्याकडेला आली की गावातील मनुष्य तिच्याकडे पाहत नाही, कारण तसे पाहणे असभ्य आहे; तो फक्त आपल्या गाडीचा वेग कमी करतो.

“बोटीचा एवढा राग कशाला?” व्हर्लिन म्हणाला.

“बोटीचा राग नाही रे मला. आपलं देणं किती, हे मला माहीत नाही, त्याचा राग आहे. आणि तुलाही माहीत नाही.”

पाटी तिने त्याच आठवड्यात रंगवून घेतली व वाळण्यासाठी गॅरेजात ठेवली.

तेव्हा ओस्टबी दांपत्याने चर्चच्या तळघरात दर मंगळवारी सायंकाळी भरणाऱ्या कर्जमुक्ती वर्गात नाव घातले. वर्गाचे चालक रोल्फ ट्वेटन हे गावातील एकमेव बँकेत कर्जविभागाचे प्रमुख होते. दिवसा ते कर्ज देत आणि मंगळवारी सायंकाळी ते कसे घेऊ नये हे विनामूल्य शिकवीत. त्यामुळे या विषयातील त्यांचा अधिकार दुहेरी होता. कॉफी बँकेतर्फे असे. लिंबाच्या वड्या आळीपाळीने घरून आणावयाच्या असत. ताटातील शेवटची वडी कोणीही घेत नसे. ती अर्धी, मग अर्ध्याची अर्धी, अशी वर्ग सुटेपर्यंत टिकून राही. (हीच मंडळी घरी काटकसर का करू शकत नाहीत, हे कोडे शास्त्रास अद्याप उलगडलेले नाही.) पुस्तिका, फाइल व पाकिटांचा संच यांचे शुल्क मात्र भरावे लागे. ते कार्डावर चाले.

पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर एक रकाना होता : ‘आपले कर्ज इतरांच्या कर्जाहून वेगळे कसे, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.’ सर्वांनी माना खाली घालून बराच वेळ लिहिले. रोल्फ यांनी कागद गोळा केले व वाचले. प्रत्येकाने आपापल्या शब्दांत एकच मजकूर लिहिला होता : ‘आमचे तसे नाही.’

“बरंय,” रोल्फ म्हणाले आणि पान उलटावयास सांगितले.

दुसऱ्या पानावर आकडेवारी होती. शंभरांपैकी अठ्ठ्याहत्तर कुटुंबांना आपले एकूण देणे बिनचूक ठाऊक असते. उरलेल्या बावीस कुटुंबांत हा प्रश्न नवरा-बायकोस एकाच खोलीत बसवून विचारण्यात आला होता.

घर शिस्तीत आणावयाचे, तर शिस्तीस लागणारे साहित्य घरात असले पाहिजे, हे कोणीही सुज्ञ मनुष्य मान्य करील. व्हर्लिनने नावाच्या चिठ्ठ्या छापणारे यंत्र आणले. कागदाचे बारीक तुकडे करणारे यंत्र आणले. कारण बिल भरल्यावर ते नष्ट करावे असे पुस्तिकेत म्हटले होते. आगीतही न जळणारी पोलादी पेटी आणली. या तिन्ही वस्तू कर्ज कमी करण्याकरिताच घेतलेल्या असल्याने त्यांचे पैसे कर्जात धरावयाचे नाहीत, असे त्याने ठरविले. पुस्तिकेत याविरुद्ध काही लिहिलेले नव्हते.

यानंतर कार्ड गोठविण्याचा विधी आला. मोहाची वस्तू दूर ठेवावी, या हेतूने कार्ड पाण्यात बुडवून ते पाणी गोठवावे. बर्फ वितळेपर्यंत खरेदीची इच्छाही वितळून जाते, असा सिद्धान्त होता. पुस्तिकेचा कर्ता फ्लोरिडाचा होता. तेथील मनुष्य बर्फास अडथळा समजतो. लिटल पाईकमध्ये बर्फ हे ज्याला भोक पाडून व आत गळ सोडून मनुष्य शनिवार-रविवार आनंदात घालवितो असे साधन आहे, आणि त्याकरिता प्रत्येक गॅरेजात इंजिनावर चालणारे हातभर रुंदीचे गिरमिट असते. ही गोष्ट फ्लोरिडात कोणी कर्त्याच्या कानावर घातलेली दिसत नाही.

मार्नीने सर्वांत मोठ्या देण्याचे निळे कार्ड आइस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत घालून वर पाणी ओतले व बादली गॅरेजात ठेवली. फ्रीझरची गरज पडली नाही. फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्यावर मासे धरावयास बसण्याच्या झोपडीत ठेवावयाच्या शेगड्या निम्म्या किमतीत निघाल्या. व्हर्लिनने दोन दिवस मन आवरले. तिसऱ्या दिवशी त्याने बादली उपडी करून बर्फाचा गड्डा बाहेर काढला, पायांत धरला व गिरमिट सुरू केले. एवढ्या मोठ्या तळ्यात ज्याचे भोक कधी तसूभर चुकले नाही, त्याचे या गड्ड्यात चुकले. कार्डाचे उभे दोन तुकडे झाले.

सायंकाळी मार्नीस गॅरेजाच्या जमिनीवर बर्फाचा कीस दिसला. कीस निळा होता.

“बर्फ वितळेपर्यंत थांबायचं होतं ना, व्हर्लिन?”

“म्हणजे एप्रिलपर्यंत?”

“तेवढ्यासाठीच तर गोठवलं होतं, बाबा.”

कार्डवाल्या कंपनीस कार्ड तुटल्याचे कळविताच तिने तत्परतेने नवे कार्ड धाडले. इतक्या वर्षांचा स्नेह ध्यानी घेऊन त्याची मर्यादाही वाढविली.

पुढचा धडा पाकिटांचा. पगाराची रोकड निरनिराळ्या पाकिटांत घालून प्रत्येकावर चिठ्ठी लावावयाची : किराणा, पेट्रोल, भेटवस्तू, चर्च, मासे पकडण्याचे आमिष. ज्या पाकिटातील पैसे संपले, तो खर्च संपला. ही पद्धत पहिला पंधरवडा उत्तम चालली. मग आमिषाच्या पाकिटाने किराण्याच्या पाकिटाकडून थोडी रक्कम उसनी घेतली व तशी चिठ्ठी आत ठेवली. किराण्याने भेटवस्तूंकडून घेतली. भेटवस्तूंनी, पुतणीचे लग्न ठरल्यामुळे, चर्चकडून घेतली. मार्च अखेर घरातील सर्व पाकिटे परस्परांची देणेकरी झालेली असून त्यांत रोकड अशी उरली नव्हती, केवळ चिठ्ठ्या होत्या. आमिषाच्या पाकिटाची पत इतकी घसरली की मार्नी त्यास काही देईना. ज्या घराच्या डोक्यावर पूर्वी कार्डांचे तीन सावकार होते, तेथे आता आठ झाले. पैकी पाच घरातच राहत, ही त्यातल्या त्यात सोय होती.

एप्रिल लागला. तळ्याच्या कडेचा बर्फ सुटू लागला. तिन्ही कार्डांवर मिळून एकोणीस हजार चारशे डॉलर देणे होते. मार्नीने तो आकडा फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला होता. गॅरेजात जावे तर पाटी दिसे, फ्रिज उघडावा तर आकडा दिसे. व्हर्लिन पाण्याचा ग्लासही नळाखालीच भरू लागला.

अखेर एका सोमवारी तो रोल्फ यांच्याकडे बँकेत गेला. बोट गेली तर आपल्याकडे बोट राहणार नाही. म्हणून बोट राहण्यासाठी बोट तारण ठेवावी, हा त्याचा विचार सरळ होता. रोल्फ यांनी त्यास काही विचारले नाही. त्यांनी फक्त खुर्चीवरची फाइल उचलून त्यास बसावयास जागा दिली. त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मार्नी त्याच खुर्चीवर बसून गेलेली होती. व्हर्लिनचे उतरलेले तोंड पंधरा दिवस पाहवेना म्हणून तिने त्यास न सांगता आपली मोटार तारण ठेवली होती. रोल्फ दोघांपैकी कोणासच काही बोलले नाहीत. ग्राहकाची गोष्ट ग्राहकाच्या बायकोसही सांगावयाची नाही, हा बँकेचा नियम. आणि कोणाच्याच गोष्टीत पडावयाचे नाही, हा गावचा.

दोघांनीही फ्रिजवरचा आकडा पाहून तिन्ही कार्डांची पुरी रक्कम भरली. कार्डवाल्यांनी ती दोन्ही वेळा सौजन्याने स्वीकारली.

वर्गाच्या शेवटच्या मंगळवारी घंटेचा समारंभ असे. ज्यांची कार्डे शून्यावर आली, त्यांनी उठून आकडा सांगावा, गायीच्या गळ्यातली जुनी घंटा वाजवावी व बँकेने पुरविलेल्या कात्रीने कार्ड कापावे. ओस्टबी उभे राहिले. “एकोणीस हजार चारशे,” असे दोघे एकदमच म्हणाले. घंटाही दोघांनी एकदमच धरली. रोल्फ यांस त्या क्षणी खोकला आला व तो बराच वेळ टिकला. मागच्या रांगेतील कोणी तरी “वाईट नाही” असे म्हणाले. लिटल पाईकमध्ये याहून मोठी स्तुती करण्याची रीत नाही.

पैसे आले कोठून, हे परतताना व्हर्लिनने मार्नीस विचारले नाही व मार्नीने व्हर्लिनला विचारले नाही. त्यास हे पत्नीचे मोठे मन वाटले. तिला पतीचे.

मासेमारीचा शनिवार उजाडला. थंडी होती, बर्फाखालून मोकळे झालेले पाणी काळे दिसत होते आणि बोटीच्या गुबगुबीत बैठकीवर व्हर्लिन गळ टाकून बसला होता. पाच महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर असे समाधान दिसले नव्हते. मार्नीने थर्मासमधून कॉफी ओतली व फोन पाहिला.

“तिन्ही कार्डांचा हिशेब आलाय. मिळून एकोणीस हजार चारशे, आणि आकड्याआधी उणे लिहिलंय.”

“उणे म्हणजे आपण देणं लागतो?”

“नाही. उणे म्हणजे ते आपलं देणं लागतात.”

आयुष्यात प्रथमच कोणी तरी व्हर्लिनचे देणे लागत होते आणि त्यास आनंद होईना.

“बोटीवर,” तो म्हणाला.

“काय बोटीवर?”

“कर्ज. आपण बसलोय ती रोल्फची आहे म्हण.”

मार्नीने थर्मासचे झाकण लावले. “गाडीवर,” ती म्हणाली. “माझ्या.”

गळ दोनदा ओढला गेला. कोणी उठले नाही. मग मार्नीने पाकिटातील चिठ्ठीच्या पाठीवर मांडावयास सुरुवात केली : घर, ट्रक, बोट, गाडी, वजा कार्डवाल्यांकडून येणे. खाली रेघ ओढून तिने आलेला आकडा मोठ्याने वाचला. लग्नास बावीस वर्षे झाली, पण तो आकडा त्या दोघांत मोठ्याने उच्चारला जाण्याची ही पहिली वेळ होती. तळ्यावर आवाज दूरवर जातो. पलीकडच्या बोटीतील गृहस्थाने सभ्यपणाने पाठ फिरविली.

“वाईट नाही,” व्हर्लिन क्षीण आवाजात म्हणाला. थोड्या वेळाने त्याने सुचविले की ती उलट शिल्लक कार्डांच्या खात्यांवर आयतीच पडून आहे, आणि पाण्याखालचे मासे दाखविणारे एक यंत्र सध्या—

“पाटी अजून गॅरेजात आहे,” मार्नी म्हणाली.

सोमवारी त्यांनी ती रक्कम परत मागविली आणि गाडी सोडविली. सारांश, बारा आठवड्यांच्या शिस्तीनंतर ओस्टबी कुटुंबाचे कर्ज नाताळात होते तेवढेच राहिले. त्यात चिठ्ठ्यांचे यंत्र, कागदाचे यंत्र, पेटी व गिरमिटाचे नवे पाते यांची भर पडली. पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवण्यात आली. फरक एवढाच की आकडा आता दोघांस पाठ होता. व्हर्लिन रात्री छताकडे पाहत जागा राहतो व नियोजन करतो. मार्नी मात्र शेजारी शांत झोपते. स्थलांतर दोन्ही दिशांनी होऊ शकते, ही गोष्ट पुस्तिकेत नाही.

येथवर आलेले वाचक ओस्टबी दांपत्यास हसले असतील, आणि ते योग्यच आहे. हसून झाल्यावर त्यांच्या मनात एक लहानसे वाक्यही आले असेल : आमचे तसे नाही. उत्तम. पहिला रकाना भरून झाला. पुढच्या मंगळवारी खुर्ची मांडलेली असेल. कॉफी बँकेतर्फे, वड्या घरून आणाव्यात. शुल्क कार्डावर चालते.